डोक्यातले दगड आणि 45 अंशांची रेघ

दिवाळे गावाच्या बाजारातून ढोमे आणले आणि डोकं चोखून खाल्लं की ताटाच्या कडेला दोन पांढरे दगड उरतात, लहानपणी आम्ही ते धुऊन काड्यापेटीत ठेवायचो. मासा वाढतो तसे त्या दगडावर थरावर थर चढतात आणि चढलेला थर शरीर परत वापरत नाही, त्यामुळे पिल्लू असताना मासा कुठल्या पाण्यात होता ते मधोमध तसंच राहतं.

थरातल्या हलक्या आणि जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरून पाण्याचं तापमान काढायची कल्पना 1947 ची, पण ती जुन्या शिंपल्यांसाठी होती. प्रवास शोधायला ती 1980 ला ग्रे व्हेलच्या अंगावर चिकटलेल्या बार्नेकलवर, म्हणजे कवचवाल्या बारक्या जीवांवर, वापरली, मग 1989 मध्ये बोहेड व्हेलच्या तोंडातल्या झालरीत हलक्या-जड कार्बनच्या प्रमाणाचे चढउतार सापडले, एक चढउतार म्हणजे वर्षाची एक फेरी. खरा राडा मात्र ब्लूफिन ट्यूनावरून झाला, म्हणजे आपल्या कुप्याचा दांडगा भाऊबंद.

अटलांटिकमधला ब्लूफिन किती पकडायचा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 1981 मध्ये 45 अंश पश्चिम रेखांशावर सरळ रेघ मारली. पश्चिमेचा साठा वेगळा, पूर्वेचा वेगळा, कोटेही वेगळे, कारण काय तर अंडी घालायच्या मोठ्या जागा दोन, मेक्सिकोचं आखात आणि भूमध्य समुद्र. पण त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेकडे टॅग लावलेले मासे युरोपच्या बाजूला जाळ्यात आले होते! तेव्हा असे मासे थोडेच, असं धरून चालले, आणि मोजदादीला कुठेतरी हद्द लागतेच हेही खरं, तरी मला ती कागदावरची सोय वाटते. टॅगची पंचाईत अशी की मासा कुठे सोडला आणि कुठे पकडला तेवढंच कळतं, जन्मला कुठे ते नाही.

ते दगडाने सांगितलं. भूमध्यात बाष्पीभवन जबरदस्त, हलका ऑक्सिजन जास्त उडून जातो आणि जड ऑक्सिजन-18 चं प्रमाण वाढतं, म्हणून तिथे जन्मलेल्या माशाच्या दगडाचा गाभा आखातवाल्यापेक्षा वेगळा निघतो. तो गाभा बारीक ड्रिलने कोरून काढायचा आणि पावडर मशीनला द्यायची. 2008 मध्ये आकडे आले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या एका मोठ्या पट्ट्यात तपासलेल्या माशांपैकी निम्म्याहून जास्त भूमध्यातले निघाले. अंडी घालायला मात्र जवळजवळ सगळे आपापल्या माहेरी! म्हणजे साठे दोन हे बरोबर, पण चरायला ते एकत्र, आणि पश्चिमेचा साठा लहान असल्यामुळे तिकडचा एक मासा पूर्वेच्या कोट्यात गेला तरी त्याला जास्त झळ बसते.

मधल्या काळात पॅसिफिकमध्ये उलटीच गोष्ट झाली, 2011 च्या जपानमधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर कॅलिफोर्नियाजवळच्या ब्लूफिनमध्ये किरणोत्सारी सिझियम-134 सापडलं आणि मासे जपानकडून आलेत हे पक्कं झालं, आता याला नैसर्गिक खूण कोण म्हणणार! अटलांटिकमध्ये 2022 ला कोटा ठरवायची नवी पद्धत आली, तिच्यात ही सरमिसळ धरलेली आहे, पण कोटे अजून दोनच आणि 45 अंशांची रेघ होती तिथेच.