पार्श्वभूमी: इंग्लंडचा फुटबॉलपटू जेम्स मिल्नर नेमका खेळतो कुठे?

क्रिकेटमध्ये ‘अष्टपैलू’ म्हणजे मान. इंग्लिश फुटबॉलमध्ये जवळपास त्याच अर्थाचं ‘युटिलिटी प्लेयर’ हे बिरुद मात्र कुणी हौसेनं मिरवत नाही. याचं मूळ बदली खेळाडूंच्या बाकावर आहे. १९६५ पर्यंत तिथल्या लीगमध्ये बदली खेळाडू नव्हताच. त्या हंगामात एकाची परवानगी मिळाली, तीही फक्त दुखापत झाली तर. कारणाची अट पुढे गेली. बाकावर एकच जागा, मग तिथे कुठेही चालेल असा गडी बसवणं सोयीचं. ‘कुठेही चालतो’चा छुपा अर्थ झाला, ‘अकरांत हक्काची जागा नाही’.

जेम्स मिल्नर २००२ मध्ये सोळाव्या वर्षी लीड्सकडून उतरला, तेव्हा हा शब्द त्याच्या वाटेला आला नव्हता. तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा होता. त्याच वर्षी २६ डिसेंबरला संडरलंडविरुद्ध गोल करून तो प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये, गोल करणारा तोवरचा सर्वांत कमी वयाचा खेळाडू ठरला. २००४ मध्ये लीड्स खालच्या श्रेणीत घसरलं आणि पोरगा न्यूकॅसलला विकला गेला. पुढे ॲस्टन व्हिलात मधल्या फळीत स्थिरावला, तर मँचेस्टर सिटीत दोन लीग विजेतेपदं मिळाली. पण कधी या बाजूला, कधी त्या.

२०१५ मध्ये करार संपल्यावर तो लिव्हरपूलला गेला तो मध्यभागी खेळायला मिळेल म्हणून. वर्षभरात त्याला लेफ्ट-बॅक (डावीकडचा बचावपटू) केलं! वाद आजही याच निर्णयावर होतो. २०१६-१७ ची सुरुवातच नेहमीच्या लेफ्ट-बॅकने पेनल्टी देऊन केली होती. प्रशिक्षकाने नवा माणूस आणण्याऐवजी तिशीतल्या, उजव्या पायाच्या मिल्नरला तिथे लावलं. डावीकडून वर गेला की चेंडू उजव्या पायावर घ्यायला तो थबकायचा, तेवढ्यात समोरचा बचाव जागेवर यायचा. टीका चुकीची नव्हती. पण लीगचे ३८ पैकी ३६ सामने तो खेळला, सात गोल केले (सातही पेनल्टीवर) आणि संघ चौथा येऊन युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये परतला. याला तडजोड म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

पुढच्या हंगामात तो पुन्हा मध्यावर आला. ७ मे २०१९ ला ॲनफिल्डवर बार्सिलोनाविरुद्ध मध्यंतराला लेफ्ट-बॅक जायबंदी झाला, तेव्हा मिल्नर मुकाट मागे सरकला. त्यामुळे बदली म्हणून मधल्या फळीतला खेळाडू उतरवता आला आणि त्या बदली खेळाडूने ५४व्या व ५६व्या मिनिटाला गोल केले. लिव्हरपूलने ४-० जिंकलं, पुढे चॅम्पियन्स लीगचा करंडकही. लेफ्ट-बॅकचं ते वर्ष फुकट गेलं नव्हतं, असं माझं मत.

कधी डाव फसलाही. २०१९ च्याच जानेवारीत क्रिस्टल पॅलेसविरुद्ध राइट-बॅक खेळताना त्याला लाल कार्ड मिळालं. दाखवणारे पंच एकेकाळी त्याच्याच शाळेत खेळाचे शिक्षक होते.

इंग्लंडकडून ६१ सामने, गोल एक. २०२३ मध्ये तो ब्रायटनला गेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये खेळला तो त्याचा प्रीमियर लीगमधला तेविसावा हंगाम, तेव्हा इतके कुणाचेच नव्हते. ३१ ऑगस्ट २०२५ ला त्याच्या जुन्या सिटीविरुद्ध ब्रायटन पिछाडीवर होतं. एकोणचाळिशीतला मिल्नर बाकावरून उठून आला आणि पेनल्टी मारून बरोबरी साधली.