टायमिंग चेन वाजतेय? आधी ढिलाई कुठल्या बाजूला आहे ते बघा

सेकंडहँड बाईक बघायला गेलात आणि इंजिन आधीच गरम लागलं तर जरा थांबा, गार होऊ द्या आणि मग किक मारा, कारण थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे सांगतं ते नंतर सांगत नाही. हेडच्या, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या भागाच्या, एका बाजूने खरखर, कधी कडकड असा आवाज येतो, रेस दिली की दबतो, सोडली की परत येतो. मेकॅनिक म्हणतो टायमिंग चेन वाजतेय, टेन्शनर (चेन ताणून धरणारा पार्ट) टाईट करून देतो. आणि तो ‘टाईट’ म्हणून जे करतो ते बऱ्याचदा चेनसाठी आवाजापेक्षा वाईट असतं.

चेनचं काम काय ते आधी बघू. खाली क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, फिरतो, वर हेडमध्ये कॅम, म्हणजे उंचवटे असलेला दांडा, फिरतो, कॅम हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो, आणि क्रँकची फेरी कॅमपर्यंत पोचवते ती ही चेन. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एकच फेरी हवी म्हणून वरच्या स्प्रॉकेटला (चेन बसते ते दात्यांचं चाक) खालच्याच्या दुप्पट दाते असतात. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर कॅम ३००० वर, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडून बंद होतोय आणि हे सगळं एका बारीक चेनच्या जिवावर. आपल्याकडच्या जुन्या गाडीवाल्यांना हा पार्ट माहीतच नव्हता, आरएक्स १०० किंवा येझदी टू स्ट्रोक, त्यात कॅमने उघडणारे व्हॉल्व्हच नाहीत, आणि जुन्या बुलेटचा कॅम खालीच गिअरवर फिरतो, वर नुसते पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत धक्का पोचवणारे दांडे) जातात. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हेडमधला कॅम नि त्याची चेन गल्लीबोळात पोचली. बुलेटवाल्या रॉयल एनफील्डच्या ३५० मध्ये तर ती २०२० च्या मीटिऑरपासून आली.

आता मुद्द्याची गोष्ट. चेनच्या दोन बाजू सारख्या नसतात. बहुतेक गाड्यांत क्रँक चाकाच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे तो चेनला पुढच्या बाजूने खाली ओढतो, पुढची बाजू ताणलेली आणि मागची मोकळी. पुढच्या बाजूला नुसती एक सरळ पट्टी असते, चेन तिला घासत खाली जाते, बास. टेन्शनर मागे असतो कारण ढिलाई मागे जमा होते, तिथली वाकडी पट्टी तो आत दाबून धरतो.

पण हे कायम असंच राहत नाही ना. कॅम व्हॉल्व्ह उघडत असतो तेव्हा व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला विरोध करते, चेन पुढून ताणलेली राहते. कॅमचा उंचवटा टोकाच्या पुढे गेला की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलायला लागते, क्षणभर कॅमच चेनला ओढतो आणि ढिलाई उडी मारून पुढच्या बाजूला जाते, मागची बाजू ताणली जाऊन टेन्शनरला उलट मागे रेटते. सिंगल सिलिंडरमध्ये त्यात भर म्हणजे आयडलवर क्रँक स्वतःच एकसारखा फिरत नाही, स्फोट झाला की झटका, मग पुढच्या स्फोटापर्यंत मंदावणं. म्हणून आवाज आयडलवर जास्त येतो. आरपीएम वाढला की मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) नि क्रँकचं वजन झटके गिळतं आणि चेन शांत वाटते. वाटते फक्त.

म्हणजे टेन्शनरला दोन कामं आहेत, पुढे सरकणं आणि मागे न हटणं. पहिलं स्प्रिंग करते, दुसऱ्यासाठी वेगवेगळ्या युक्त्या. १९६९ च्या होंडा सीबी ७५० सारख्या जुन्या गाड्यांत साधा लॉक बोल्ट, तो सैल केला की स्प्रिंग दांडा पुढे ढकलते, परत आवळला की दांडा जागच्या जागी पक्का. नंतर ऑटोमॅटिक आले. काहींत खाचांचा दांडा नि अडकवणारी खिटी असते, ती एकेक खाच पुढे जाते आणि दोन खाचांच्या मधल्या अंतराएवढी ढिलाई तिला सहन करावीच लागते. काहींत आत गुंडाळलेली स्प्रिंग एक स्क्रू फिरवते आणि त्या स्क्रूवरून प्लंजर (पट्टी दाबणारा दांडा) बाहेर सरकतो. यात गंमत आहे, कारण स्प्रिंग स्क्रू फिरवून प्लंजर ढकलू शकते पण प्लंजरवर जोर देऊन स्क्रू सहज उलटा फिरत नाही, कार उचलायच्या स्क्रू जॅकसारखं, दांडा फिरवला की गाडी वर जाते पण गाडीच्या वजनाने दांडा उलटा फिरत नाही. आट्यांचा चढ घर्षणाच्या मानाने कमी ठेवला की हे जमतं. घर्षण गुणांक ०.१५ धरला तर हा चढ सुमारे साडेआठ अंशांच्या आत हवा. मात्र ऑईल आणि सततची कंपनं असली की घर्षण कमी पडतं आणि झिजलेला टेन्शनर हळूहळू मागे सरकायला लागतो. चौथा प्रकार ऑईलच्या दाबावर चालणारा, त्यात थंड स्टार्टला दाब यायला वेळ लागतो म्हणून दोनचार सेकंद खरखर होऊन थांबली तर ते फार मनावर घेऊ नका.

लॉक बोल्टवाल्या गाडीत ॲडजस्टमेंट म्हणजे काय तर ढिलाई मागे आणायची आणि बोल्ट सैल करायचा, बाकी स्प्रिंग बघते. प्लग काढा, मॅग्नेटच्या नटाला पाना लावून क्रँक फक्त पुढच्या दिशेने फिरवा, डावीकडून बघितलं तर बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या उलट, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खुणेवर थांबा. ती खूण उगाच दिलेली नसते, त्या जागी व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमला विरोध करत असते म्हणजे पुढची बाजू ताणलेली. खूण पुढे गेली म्हणून मागे फिरवून आणलीत तर ढिलाई पुढे जाते, मागची बाजू ताठ होते, स्प्रिंगला वाटतं चेन टाईट आहे आणि तुम्ही आवळता ती नेमकी सैल चेन. अशा वेळी पूर्ण दोन फेऱ्या पुढे फिरवून परत खुणेवर यायचं. आणि बोल्ट सैल असताना स्क्रू ड्रायव्हरने दांडा अजून आत ढकलायचा जो प्रकार चालतो तो तर नकोच. आवाज जातो खरा, पण चेन पट्ट्या कापायला लागते, कॅमच्या बेअरिंगवर लोड येतो आणि थोड्या दिवसांनी खरखरीच्या जागी घूं असा आवाज सुरू होतो.

ऑटोमॅटिकमध्ये बाहेरून टाईट करायला काही नसतंच. तरी लोक टेन्शनर बसवलेले दोन बोल्ट सैल करून परत आवळतात, आणि यात मोठा धोका आहे, कारण बोल्ट सैल होताच प्लंजर बाहेर येतो, तो मागे जात नाही, मग बोल्ट आवळून तुम्ही त्याला चेनवर जबरदस्तीने दाबता. टेन्शनर काढला की प्लंजर पूर्ण आत नेऊन, स्क्रूवाला असेल तर मधल्या छोट्या बोल्टच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून अडकवून, मगच बसवायचा आणि बसल्यावर सोडायचा. टेन्शनर काढलेला असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही, चेन दाता सोडते.

आता जे टेन्शनरच्या हातात नाही ते. चेन ‘लांबते’ म्हणतात पण लोखंड ताणलं जात नाही, कड्यांच्या पिना झिजतात. समजा ६.३५ मिमी पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) ८४ कड्या आहेत आणि प्रत्येक सांधा ०.०२ मिमी झिजला, एकूण चेन सुमारे १.७ मिमी वाढली. मागची ढिलाई टेन्शनर घेईल. पण पुढच्या ताणलेल्या बाजूच्या ३५ कड्याही ०.७ मिमीने वाढल्या आहेत ना, तिथे टेन्शनर काही करू शकत नाही, तेवढा कॅम मागे पडला. वरचं स्प्रॉकेट २८ दात्यांचं असेल तर हिशेबाने कॅम जवळजवळ १.४ अंश उशिरा, क्रँकवर २.८. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला थोडं भरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं आणि गाडी चढावर मेल्यासारखी वाटते. लोक कार्ब्युरेटर साफ करत बसतात. अख्खा एक दाता सुटला तर क्रँकवर जवळपास २६ अंशांचा फरक, आणि मग बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो.

म्हणून टेन्शनर उघडलाच आहे तर तो जागेवर असताना प्लंजर किती बाहेर आला होता ते बघून घ्या. शेवटच्या टोकाला आला असेल तर नवीन टेन्शनर टाकून काही होणार नाही, चेन, दोन्ही पट्ट्या आणि स्प्रॉकेट एकदम बदला, नवी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवणं म्हणजे पैसे वाया. पट्टी तुटलेली निघाली तर तिचे तुकडे खाली ऑईलच्या जाळीत असणार, ती साफ करा. एक मात्र आधीच तपासा, आवाज टिक टिक असा नियमित येत असेल तर तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेल्या गॅपचाही असू शकतो, फीलर गेजने गॅप बघायला दहा मिनिटं लागतात. आणि सगळं बसवल्यावर प्लग न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या पुढे फिरवा, मॅग्नेटची टी खूण नि कॅम स्प्रॉकेटची खूण दोन्ही जुळल्या तरच प्लग लावून किक.