ग्रीक वीरांची शस्त्रं : हे हत्यार कुणाकडून कुणाकडे आलं?

ग्रीक दंतकथांमधल्या शस्त्रांबद्दल आपल्याला आज जे माहीत असतं ते बरंचसं व्हिडिओ गेम आणि सिनेमांतून आलेलं असतं, अमुक तलवारीची पॉवर किती, तमुक ढालीने काय होतं वगैरे. मूळ काव्यं वाचायला घेतली की वेगळंच जाणवतं. तिथे शस्त्रांना सहसा नावंच नाहीत. आपल्याला गांडीव, पिनाक, सुदर्शन ऐकायची सवय, आणि इथे अकिलीससारख्या वीराचा भाला म्हणजे नुसता 'पेलियनचा अ‍ॅश', डोंगराचं नाव आणि झाडाचं नाव, बस. नावाऐवजी कवी सांगतो ते हे की हत्यार कुणी कुणाला दिलं. मला तरी या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे असं वाटतं.

हा भाला कायरॉन या सेंटॉरने (अर्धा माणूस, अर्धा घोडा) पेलियन डोंगरावरच्या लाकडाचा करून अकिलीसच्या वडिलांना, पेलियसला दिला, आणि त्याच्याकडून तो मुलाकडे आला. चिलखतही वडिलांचंच, ते देवांनी पेलियसला लग्नात दिलेलं. होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात पॅट्रोक्लस आपल्या मित्राचं, अकिलीसचं, सगळं चिलखत अंगावर चढवून लढायला निघतो तेव्हा भाला तेवढा मागे ठेवतो, कारण अकिलीसशिवाय तो कुणाला पेलतच नाही. पुढे ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर पॅट्रोक्लसला मारतो, चिलखत काढून घेतो आणि स्वतः घालतो. आणि शेवटच्या लढाईत अकिलीस समोर उभा राहून बघतो काय, तर आपलंच जुनं चिलखत शत्रूच्या अंगावर, सगळीकडून झाकलेलं, फक्त गळ्यापाशी थोडी जागा उघडी. तिथेच तो भाला जातो. मागे राहिलेला भाला आणि गेलेलं चिलखत, एकाच घरातल्या दोन वस्तू अशा समोरासमोर येतात, हे कितीदाही वाचलं तरी अंगावर काटा येतो.

मधल्या काळात अकिलीसची आई थेटिस देवांचा लोहार हेफायस्टसकडे जाऊन नवीन शस्त्रं घडवून आणते आणि १८व्या सर्गात त्या ढालीचं मोठं वर्णन येतं. पाच थरांची ढाल, दोन कांस्याचे, दोन कथलाचे, एक सोन्याचा. पण तिच्यावर राक्षस नाहीत की ज्वाला नाहीत. एका गावात लग्नाची वरात चाललीय, चौकात खुनाच्या भरपाईवरून भांडण लागलंय, दुसऱ्या गावाला वेढा पडलाय, कुठे नांगरणी, कुठे कापणी, द्राक्षाचा मळा, नाचणारी पोरं-पोरी, आणि कडेने फिरणारी ओशन नदी. युद्धात न्यायच्या वस्तूवर सगळा संसार कोरलेला.

आता यामागचा इतिहास. 'इलियड' आणि 'ओडिसी' ही काव्यं साधारण इ.स.पू. ८व्या शतकाच्या आसपास आकाराला आली असं बहुतेक अभ्यासक मानतात, तेव्हा ग्रीसमध्ये लोखंड रुळलेलं होतं. तरी काव्यातले वीर कांस्याच्याच शस्त्रांनी लढतात, आणि पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत तर लोखंडाचा गोळा बक्षीस म्हणून ठेवलाय, इतकी ती धातू तिथे दुर्मिळ. म्हणजे कवी आपल्या काळाचं नाही, पणजोबांच्याही पणजोबांच्या काळाचं सांगतोय. याचा सगळ्यात सुंदर पुरावा 'इलियड'च्या १०व्या सर्गातलं शिरस्त्राण. मेरिओनीस हा ग्रीक वीर ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक वीराला रात्रीच्या हेरगिरीसाठी एक कातडी टोप देतो, त्याच्यावर रानडुकराचे सुळे ओळीने बसवलेले, आणि लगेच त्याची वंशावळ सुरू, आधी कुणाच्या घरातून चोरला, मग कुणाला दिला, मग कुणाच्या मुलाकडे आला. असले टोप होमरच्या कितीतरी शतकं आधीच वापरातून गेले होते, पण मायसीनियन (म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीकांच्या) थडग्यांमध्ये ते खरोखर सापडलेत. १९६० साली ग्रीसमधल्या डेंड्रा इथल्या थडग्यात इ.स.पू. १५व्या शतकाच्या सुमाराचं कांस्य चिलखत मिळालं, पत्र्यांवर पत्रे जोडून केलेलं, सोबत सुळ्यांच्या टोपाचे तुकडे. ते नाफ्प्लिओच्या म्युझियममध्ये बघायला मिळतं. लिहिता न येणाऱ्या गायकांनी एवढा बारीक डिटेल तोंडातोंडी शेकडो वर्षं जपला, मला तरी ही गोष्ट कुठल्याही जादूच्या तलवारीपेक्षा मोठी वाटते.

ओडिसियसच्या धनुष्याचंही तसंच. ते त्याला इफिटस या मित्राने दिलं, बदल्यात ओडिसियसने तलवार आणि भाला दिला, आणि दोघं एकमेकांच्या घरी जेवायला बसायच्या आतच हेराक्लीसने इफिटसला मारलं, तेही पाहुणा म्हणून घरी आलेला असताना. म्हणून ते धनुष्य ओडिसियसने ट्रॉयला नेलंच नाही, मित्राची आठवण म्हणून घरी ठेवलं. वीस वर्षांनी तो भिकाऱ्याच्या वेषात परत येतो तेव्हा त्याच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला टपलेले लोक त्याच धनुष्याला चरबी लावून, विस्तवावर शेकून वाकवायला बघतात आणि जमत नाही. हा मात्र आधी ते हातात फिरवून फिरवून बघतो, मालक नसताना शिंगाला कीड तर लागली नाही ना, आणि मग गायक वीणेची तार चढवतो तशी दोरी चढवतो. दोरी छेडल्यावर पाकोळीसारखा आवाज येतो.

हेराक्लीसचं धनुष्य वेगळं, त्याचे बाण हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाच्या विषात बुडवलेले. हेराक्लीसची चिता पेटवून दिली म्हणून ते फिलोक्टेटीसला मिळालं, पण त्याला साप चावला, जखम चिघळली, दुर्गंधी असह्य झाली म्हणून सोबत्यांनी त्याला लेम्नॉस बेटावर सोडून दिलं आणि दहा वर्षांनी त्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही म्हटल्यावर परत न्यायला आले. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं इ.स.पू. ४०९चं नाटक यावरच आहे. मेडुसाला मारणाऱ्या पर्सियसचा कोयता आणि चकचकीत ढाल सगळ्यांना माहीत आहेत, तीही देवांनी दिलेलीच.

नंतरच्या ग्रीकांसाठी ही शस्त्रं नुसती गोष्टीतली नव्हती. इ.स. २ऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की अकिलीसचा भाला फासेलिस या शहरात अथेना देवीच्या देवळात ठेवलेला आहे, टोक आणि बूड कांस्याचं, आणि यावरून तो चक्क मुद्दा मांडतो की वीरांच्या काळी शस्त्रं कांस्याचीच होती. केरोनिया गावात तर ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगामेम्नॉनचा राजदंड पुजायचे, त्याला ते 'भाला' म्हणायचे. देऊळ नव्हतं, त्या वर्षीच्या पुजाऱ्याच्या घरी तो राहायचा, रोज पूजा, शेजारी मांस आणि गोडधोडाने भरलेलं टेबल. आपण खंडेनवमीला करतो ते तिथे रोजचं.

आणि यातलं एक हत्यार आपल्या उपखंडापर्यंत पोचलं. इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडर ट्रॉयला गेला, तिथल्या अथेनाच्या देवळात स्वतःची शस्त्रं अर्पण केली आणि ट्रोजन युद्धातली म्हणून ठेवलेली काही शस्त्रं उचलली, लढाईत ती त्याच्यापुढे धरून नेत असत असं इतिहासकार अ‍ॅरियन सांगतो. आठेक वर्षांनी आजच्या पाकिस्तानी पंजाबात मल्ली लोकांच्या किल्ल्यावर चढताना शिड्या मोडल्या, अलेक्झांडर मोजक्या माणसांसोबत आत अडकला, छातीत बाण घुसला आणि तो कोसळला. तेव्हा त्याच्यावर ढाल धरून उभा राहिला त्याचा सैनिक प्युकेस्टीस, आणि ती ढाल ट्रॉयच्या देवळातली होती. पुढे इराणमधल्या सुसा शहरात अलेक्झांडरने सोन्याचे मुकुट वाटले त्यात पहिला त्याचा.