क्रेडिट वेगळं, ग्रेड वेगळी

“सर, चार क्रेडिटच्या पेपरला पंच्याहत्तर पडले, म्हणजे तीन क्रेडिट मिळाले ना?” एफ.वाय.च्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: “एसजीपीए ८.२ आहे, तर क्रेडिट किती झाले?” मुलांच्या ग्रुपवर याची छातीठोक आणि साफ चुकीची उत्तरं फिरत असतात. ती वाचून कुणी दोन क्रेडिटचा पेपर सोडून देतं, तर कुणी एसजीपीए, म्हणजे सत्राची ग्रेडची सरासरी, चांगला आहे म्हणून निर्धास्त राहतं आणि पदवी अडकल्यावर परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं राहतं.

मार्कांबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. दहावी-बारावीपर्यंत तुम्ही मार्कांतच वाढलात. इथे फरक एवढाच, की मार्कांवरून ग्रेड ठरते आणि ग्रेडला दहापैकी एक अंक असतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. या अंकाला ग्रेड पॉइंट म्हणतात. किती मार्कांना कोणती ग्रेड, हे विद्यापीठागणिक थोडं बदलतं. ते तुमच्या गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहा, सीनियरला विचारू नका.

क्रेडिट मात्र तुमच्या हुशारीचं माप नाही. ते त्या विषयाच्या आकाराचं माप आहे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तासांचं अध्यापन, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटच्या थिअरी विषयाचे ६० तास होतात, म्हणजे पंधरा आठवडे दर आठवड्याला चार तास. हा आकडा अभ्यासक्रम मंजूर झाला त्या दिवशीच ठरला. तुम्ही प्रवेश घेतला नव्हता तेव्हाही तो चारच होता. तुम्हाला ९५ पडले तरी पाच होत नाही, ४५ पडले तरी तीन होत नाही.

मग गोंधळ होतो कुठे? महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत एका क्रेडिटला २५ मार्क असा हिशोब असतो. दोन क्रेडिटचा पेपर ५० मार्कांचा, चार क्रेडिटचा १०० मार्कांचा. ही सोय पेपर काढणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या विषयाची परीक्षा मोठी असावी, एवढाच तिचा अर्थ. पण मुलं ती उलटी वाचतात: २५ मार्कांना एक क्रेडिट, म्हणून ७५ ला तीन. हे उलटं वाचन एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं चुकत जातं. म्हणून सगळ्यात आधी हे काढून टाका. क्रेडिट तुकड्यातुकड्याने मिळत नाही. विषय उत्तीर्ण झालात की त्याचे पूर्ण क्रेडिट जमा, नाही झालात की शून्य. मधलं काही नाही.

एकाच वर्गातल्या दोन मुली घ्या. मुख्य विषयाच्या चार क्रेडिटच्या पेपरात एकीला ओ ग्रेड आहे, दुसरीला पी. दोघींच्या नावावर चार-चार क्रेडिटच जमा होणार. एसजीपीएत मात्र पहिलीच्या खात्यावर ४ गुणिले १०, म्हणजे ४० गुणांक पडतील आणि दुसरीच्या खात्यावर ४ गुणिले ४, म्हणजे १६. त्याच पेपरात तिसरा मुलगा नापास झाला, तर त्याचे क्रेडिट शून्य. तो ६० तासांपैकी एकही तास चुकला नसेल, तरी शून्यच. नुसत्या हजेरीवर परीक्षेला बसता येतं, क्रेडिट मिळत नाही.

उत्तीर्ण या शब्दातही एक खाच आहे. बऱ्याच ठिकाणी इंटर्नल आणि सत्रान्त लेखी परीक्षा या दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. ३० पैकी २७ इंटर्नल आणि ७० पैकी २५ लेखी, बेरीज ५२. कागदावर ५२ दिसतात, पण लेखीला २८ हवे होते, म्हणून तिथे मुलगा नापास आणि चारही क्रेडिट गेले. बारावीपर्यंतच्या सवयीने बेरजेकडे पाहणाऱ्यांना हा धक्का दरवर्षी बसतो.

आता एसजीपीए. तो काढताना क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट एकत्र येतात, आणि दोन्ही एकच असल्याचा भास होतो तोही इथेच. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा, चार क्रेडिटच्या विषयात बी म्हणजे ६ आहेत आणि दोन क्रेडिटच्या विषयात ओ म्हणजे १०. नुसती सरासरी काढणारा ८ सांगेल. खरा हिशोब २४ अधिक २०, म्हणजे ४४, भागिले ६: ७.३३. त्याच दोन ग्रेड उलट्या विषयांना मिळाल्या असत्या, तर ४० अधिक १२ म्हणजे ५२, भागिले ६: ८.६७. ग्रेड त्याच, पण कुठल्या विषयात मिळाल्या यावर सव्वा पॉइंटहून जास्त फरक पडला. म्हणून मुख्य विषयाच्या चार क्रेडिटच्या पेपराकडे दुर्लक्ष करून सोप्या विषयांत ओ गोळा करणं हा तोट्याचा सौदा आहे.

पण यावरून ‘दोन क्रेडिटचे विषय बिनमहत्त्वाचे’ असा निष्कर्ष काढणारे मला सगळ्यात जास्त खटकतात. सीनियर मुलं हा सल्ला अगदी मायेने देतात: “अरे, ते भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण वगैरे असतंच, नंतर बघू.” महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तीत एका सत्राचे साधारण २० ते २२ क्रेडिट असतात आणि पहिल्या वर्षी त्यातला मोठा वाटा या दोन-दोन क्रेडिटच्या विषयांचा असतो: ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, एनएसएस किंवा क्रीडेसारखे सहशालेय उपक्रम. एसजीपीएला यांतला एकेक विषय कमी ओढतो, हे खरं. पण पदवीसाठी तुम्हाला क्रेडिट मोजून द्यावे लागतात, आणि त्या मोजणीत हुकलेले दोन क्रेडिट हुकलेलेच राहतात. मुख्य विषयातली ओ ग्रेड ते भरून काढत नाही.

चौकटीतले आकडेच पाहा. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल तर किमान ४० क्रेडिट, शिवाय चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. ३६ क्रेडिट आणि ९ ची सरासरी असलेल्याला ते प्रमाणपत्र मिळत नाही. सगळ्या विषयांत जेमतेम पी ग्रेड काढून ४४ पूर्ण केलेल्याला मिळतं. ग्रेडचं वजन कळतं ते पुढच्या दारापाशी: चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिथे १२० क्रेडिट झालेत एवढ्यावर भागत नाही.

एटीकेटीचंही यातच येतं. राहिलेला पेपर पुढच्या खेपेला सुटला, की त्याचे पूर्ण क्रेडिट जमा होतात, उशीर झाला म्हणून ते अर्धे होत नाहीत. किती क्रेडिट शिल्लक असताना पुढच्या वर्गात बसता येतं, हा नियम प्रत्येक विद्यापीठाचा आपापला असतो. तो प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

सीजीपीएला, म्हणजे सगळ्या सत्रांच्या मिळून सरासरीला, दहाने किंवा साडेनऊने गुणून टक्केवारी काढणं बंद करा, ही कळकळीची विनंती. तो साडेनऊ सीबीएसईने दहावीसाठी वापरलेला आकडा होता. तुमच्या विद्यापीठाशी त्याचा काही संबंध नाही. नोकरीच्या अर्जात टक्केवारी मागितली, तर विद्यापीठाने छापलेलं सूत्र वापरा किंवा परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. पीआरएन हा विद्यापीठातला तुमचा कायमचा क्रमांक, सीट नंबर त्या परीक्षेपुरता, रोल नंबर वर्गापुरता. मेजर म्हणजे ज्यात पदवी मिळते तो विषय, मायनर म्हणजे जोडीचा. एसजीपीए एका सत्राचा, सीजीपीए आजवरच्या सगळ्या सत्रांचा. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

एबीसीवर मात्र थांबायला हवं. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे यूजीसीचे नियम २०२१ मध्ये आले. तिचं खातं डिजीलॉकरमधून उघडता येतं. या खात्यात तुम्ही स्वतः काही भरू शकत नाही, क्रेडिट संस्थाच जमा करते. विद्यापीठ बदललंत किंवा मधे शिक्षण थांबवलंत, तर हे जमा क्रेडिट पुढे कामी येतात, कमाल सात वर्षांपर्यंत. ऑनलाइन कोर्सबद्दलही इथेच फसगत होते. कोणत्याही संकेतस्थळावरचं प्रमाणपत्र म्हणजे क्रेडिट नव्हे. स्वयम या सरकारी संकेतस्थळावरचा कोर्स असला तरी तो घेण्याआधी महाविद्यालयाची मान्यता हवी आणि त्याची देखरेखीखालची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. व्हिडिओ बघून मिळालेलं प्रमाणपत्र बायोडेटात लावा, क्रेडिटमध्ये मोजू नका.

हा फरक डोक्यात पक्का असला, तर निकालानंतर नेमक्या खिडकीशी जाता येतं. मार्क कमी वाटत असतील, तर रस्ता उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा आणि पुनर्मूल्यांकनाचा. त्याला ठरावीक मुदत आणि फी असते आणि मुदत गेली की काही करता येत नाही. गुणपत्रकावर उत्तीर्ण आहे पण एबीसीत क्रेडिट दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरून पैसे घालवू नका. गुणपत्रकाची प्रत आणि एबीसी आयडी घेऊन महाविद्यालयाच्या एबीसी नोडल अधिकाऱ्याला भेटा. बहुतेक वेळा नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा जन्मतारखेत आधारशी मेळ नसतो, नाहीतर आयडी विद्यापीठाच्या नोंदीला जोडायचाच राहिलेला असतो. ही दुरुस्ती पहिल्याच सत्रात करून घ्या. सहाव्या सत्रात पदवीचा अर्ज भरताना तीन वर्षांच्या नोंदी एकदम सुधारायला कुणालाच वेळ नसतो.