रटलंडचे पक्षी: सहलीला निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. बुकिंग झालं की हे पत्रक आम्ही आधीच पाठवतो. गाडीत सांगायला घेतलं की मागच्या सीटवर डबा उघडलेला असतो आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

आपण लेस्टरहून रटलंडला जाणार आहोत. इंग्लंडमधली ही चिमुकली काउंटी. क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. १९७४ मध्ये ती लेस्टरशरमध्ये विलीन केली होती, १९९७ मध्ये पुन्हा वेगळी झाली. स्थानिकांसमोर तिला लेस्टरशरचा भाग म्हणू नका. हसतील, पण आवडणार नाही.

'दुर्मिळ' म्हणजे काय

एकदा रटलंडमधल्या एगल्टन गावच्या तळ्याकाठी बरीच मंडळी स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावून एकाच दिशेला बघत उभी होती. आमच्या सहलीत इंदापूरकडच्या एक काकू होत्या. स्कोपमधून त्यांनी पाहिलं आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्या म्हशीवर बसतो!" खरंच, तो गायबगळा होता. इंग्लंडमध्ये गायबगळ्याची पहिली वीण २००८ साली सॉमरसेटमध्ये नोंदली गेली. आता तो हळूहळू वाढतोय, पण इकडच्या माणसाला त्याचं अप्रूप अजून संपलेलं नाही.

उलटंही तितकंच खरं. मुंबईत खिडकीसमोर घिरट्या घालणारी आपली साधी घार ब्रिटनमध्ये दुर्मिळ पाहुणी आहे. इथे आकाशात दिसेल ती तांबडी घार, दुभंगलेल्या शेपटीची. शिकार आणि विषप्रयोगामुळे ती इंग्लंडमधून नाहीशी झाली होती. १९८९ पासून परत आणून सोडली, त्यातली काही शेजारच्या नॉर्थॅम्प्टनशरमध्ये. आता रटलंडमधल्या ओकम स्टेशनच्या बाहेरही दिसते. ज्वारीच्या कणसांवर थव्याने तुटून पडणारी भोरडी तुम्ही कदाचित गोफणीने हाकलली असेल. ती इथे एखाद्याच्या परसात एकटी उतरली, तर पक्षीवेडे गाड्या काढून येतात. आणि आपली चिमणी? ती ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे.

त्यामुळे "आज दुर्मिळ काय दिसेल?" असं विचारलंत की आम्ही आधी "कोणासाठी?" असं विचारतो. चेष्टा समजू नका.

पाणी आलं कुठून

रटलंडला समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्रावरचे पक्षी इथे येतात, ते रटलंड वॉटर या जलाशयामुळे. एम्पिंगहॅमला ग्वॉश नदीच्या खोऱ्यात धरण बांधलं. १९७५ ला पाणी भरायला सुरुवात झाली आणि १९७९ पर्यंत ते भरलं. ग्वॉश म्हणजे ओढाच म्हणा, तिच्या भरवशावर एवढं तळं भरलं नसतं. वेलंड आणि नेन या नद्यांचं पाणी पंपाने उचलून आणतात. नेदर हॅम्बल्टन हे गाव पाण्याखाली गेलं. नॉर्मंटनचं चर्च मात्र लोकांनी वाचवलं. त्याचा खालचा भाग दगडमातीने भरून घेतला, त्यामुळे आज ते पाण्यातून वर आल्यासारखं दिसतं.

मी भिगवणकडचा. उजनीचं धरण पुरं झालं १९८० ला, जवळजवळ याच सुमाराला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, ते बघायला आम्ही लहानपणी जायचो. नॉर्मंटनचं चर्च पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी तेच देऊळ आठवलं. फरक एवढाच की इथे कडेला आइस्क्रीमची गाडी असते.

तळ्याच्या पश्चिम टोकाला उथळ पाणी, बेटं आणि गवताळ काठ राखून ठेवलेत. त्याची देखभाल लेस्टरशर अँड रटलंड वाइल्डलाइफ ट्रस्ट करतो, पाणी अँग्लियन वॉटर या पाणीकंपनीचं. हिवाळ्यात इथे हजारो बदकं उतरतात. थापट्या आणि वारकरी हे पाणपक्षी तर भिगवणचेच वाटतील. गडवाल बदकांसाठी हे तळं विशेष नावाजलेलं आहे.

ऑस्प्रे

बहुतेक मंडळी याच्यासाठीच येतात, म्हणून जरा सविस्तर.

ऑस्प्रे हा जवळजवळ फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी. इंग्लंडमध्ये त्याची वीण एकोणिसाव्या शतकात थांबली होती. स्कॉटलंडमध्ये तो परतला, पण दक्षिणेकडे सरकायला तयार नव्हता. नर ज्या मुलखात उडायला शिकतो तिथेच घरटं करायला परत येतो, हे त्यामागचं कारण. याच सवयीचा उपयोग करून घेतला. १९९६ पासून स्कॉटलंडची सुमारे सहा आठवड्यांची पिल्लं आणून रटलंडला वाढवली आणि इथूनच उडवली. २००१ पर्यंत अशी ६४ पिल्लं आणली. त्याच वर्षी, म्हणजे २००१ ला, पहिलं घरटं यशस्वी झालं.

आता तळ्याच्या मँटन बे या भागातल्या खांबावरचं घरटं लिंडनच्या बाजूच्या वेडरस्क्रेप हाइडमधून (हाइड म्हणजे लपून पक्षी बघायची खोपी) दिसतं. इथली माया ही मादी आणि ३३(११) हा नर २०१५ पासून जोडीने राहू लागले. ३३ हा पायातल्या निळ्या कड्यावरचा आकडा, आणि २०११ हे त्याच्या जन्माचं वर्ष. आमच्या एका आजोबांना हे नाव काही केल्या पटेना. ते त्याला शेवटपर्यंत "जावईबापू" म्हणत राहिले.

ऑस्प्रे साधारण मार्चच्या मध्यापासून येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पश्चिम आफ्रिकेला, सेनेगल-गांबियाकडे जातात. हिवाळ्यात भिगवणला दिसणारा ऑस्प्रे यांच्यापैकी नव्हे, त्याची वाट वेगळी. पिल्लू पहिल्यांदा आफ्रिकेला जातं ते एकटंच, आईबापाशिवाय. मग साधारण दोन वर्षं तिकडेच राहतं.

मासा धरताना बघायला मिळालं तर नशीब. वर एका जागी पंख फडफडवत तो लटकल्यासारखा थांबतो, थोडा खाली येतो, पुन्हा थांबतो. मग पाय पुढे काढून आदळतो, कधीकधी पूर्ण पाण्यात जातो. बाहेर आला की ओल्या कुत्र्यासारखा हवेतच अंग झाडतो. त्यानंतर पायांकडे बघा. पंजाचं बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड बसते. तळव्याला खरबरीत काटे असतात. मासा तो आडवा नेत नाही, डोकं पुढे करून लांबट धरतो, म्हणजे वारा कमी लागतो. हे एकदा नजरेत आलं की लांबूनही पक्षी ओळखता येतो.

लिंडनच्या केंद्रापासून हाइडपर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची पायवाट आहे, पावसानंतर चिखलाची. चप्पल घालून येऊ नका. साडी चालेल, पण खाली बूट हवेत.

वाऱ्यावर येणारे

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत पूर्वेचा वारा सुटला आणि वर भुरभुर पाऊस असला, की आम्ही खूश असतो. तुम्ही नसाल. पण उत्तरेकडे निघालेले काळे टर्न आणि आर्क्टिक टर्न (टर्न म्हणजे आपले सुरय) अशा दिवशी खाली उतरतात. ऊन पडलं की तासाभरात निघूनही जातात. म्हणून मे महिन्यातल्या काही सहलींचा निरोप आम्ही आदल्या रात्री देतो. ज्यांना सुट्टी जुळते त्यांनी यावं.

हिवाळ्यात धरणाच्या बाजूला खोल पाणी बघायचं. तिथे ग्रेट नॉर्दर्न डायव्हर येतो. हा खरा आइसलंड-ग्रीनलंडकडचा, थंडी समुद्रावर काढणारा. बुडी मारली की मिनिटभर गायब, आणि वर येतो ते भलतीकडेच. दुर्बीण लावून बसू नका. नुसत्या डोळ्यांनी पाणी बघत राहा, दिसला की दुर्बीण उचला. नशीब जोरावर असेल तर उंच पाणगवताच्या काठाला बिटर्न दिसतो. हा बगळ्यांचाच भाऊबंद, पण मान वर करून उभा राहिला की गवतात विरघळून जातो. मला सात हिवाळ्यांत तीनदा दिसला आहे.

थोडं व्यवहाराचं

राखीव क्षेत्राचं तिकीट, दुर्बिणी आणि चहा आमच्याकडून. डबा ज्याचा त्याने. हाइडमध्ये फोन बंद ठेवा. एकदा आरतीची रिंगटोन वाजली होती, पक्षी उडाले नाहीत, पण माणसं उडाली. हाइडमधल्या लोकांना "काय दिसलं?" असं बिनधास्त विचारा, ते खुशीने सांगतात, आणि तुम्हाला काही दिसलं तर तुम्हीही सांगा.

ऑस्प्रे, तांबडी घार, बिटर्न, खंड्या या पक्ष्यांना घरट्यापाशी मुद्दाम त्रास देणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. फोटोसाठी कुंपण ओलांडणाऱ्याला आम्ही गाडीत बसवून ठेवतो, कितीही जुना ग्राहक असला तरी.

ठरलेला पक्षी दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. सहल आम्हीच रद्द केली तर पूर्ण परत. ज्यांना गाडीतून यायचं नाही त्यांनी लेस्टरहून ओकमची ट्रेन धरावी, आम्ही स्टेशनवरून घेऊ. येताना जादा मोज्यांचा एक जोड पिशवीत टाका.