अलंकार ओळखायचे कसे: बेळगावच्या दोन भाषांमागची एक परंपरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतली मुलं उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ही नावं मराठीच्या तासाला शिकतात आणि कन्नडच्या तासाला पुन्हा तीच ऐकतात. दोन्हींचं मूळ संस्कृत अलंकारशास्त्रात आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक, यमक एवढे चारच अलंकार होते. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ते शंभरावर गेले. दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा आधार घेऊन नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला उपलब्ध पहिला ग्रंथ रचला गेला. उत्तम कन्नडचा मुलूख सांगताना त्यात ओंकुंद येतं. ते बैलहोंगल तालुक्यातलं वक्कुंद.

नावं एक असली तरी जागा बदलतात. जुन्या कन्नड पद्यात प्रास (अक्षरांची जुळणी) चरणाच्या दुसऱ्या अक्षरावर साधतात. मराठी ओवीत पहिले तीन चरण शेवटी जुळतात, चौथा मोकळा असतो. म्हणून जुन्या कन्नड पद्यात चरणाच्या शेवटी यमक शोधणारा फसतो.

अर्थालंकारात घोळ होतो तो खुणेच्या शब्दामुळे. ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसलं की उपमा, हा परीक्षेपुरता तोडगा. शास्त्राची रीत वेगळी: आधी उपमेय (ज्याचं वर्णन चाललंय ते) आणि उपमान (ज्याशी तुलना केली ते) वेगळं काढायचं, मग दोघांचं नातं पाहायचं. येळ्ळूरचा किल्ला हत्तीसारखा बसलाय, ही उपमा. किल्ला जणू हत्तीच, ही उत्प्रेक्षा. किल्ला हाच हत्ती, हे रूपक. हा किल्ला नव्हे, हत्ती आहे, ही अपन्हुती. हत्तीहून किल्ला भक्कम, हा व्यतिरेक. ज्ञानेश्वरीत मराठी बोल अमृताशी पैजा जिंकतो तोही व्यतिरेकच, कारण तिथे उपमेय वरचढ ठरतं. पण खुणेचा शब्द नसल्याने अनेकांच्या हातून तो निसटतो.

मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात अलंकार अगदी शेवटी घेतले, शब्दशक्ती (शब्दातून अर्थ कसा निघतो ते) मात्र दुसऱ्याच उल्लासात, म्हणजे प्रकरणात. हा क्रम आपल्या पाठ्यपुस्तकांनी उचलला असता तर बरं झालं असतं. ‘मार्कंडेयवर आमचं शेत आहे’ यात शेत नदीच्या पाण्यावर नाही, काठावर आहे. ‘सगळं येळ्ळूर रस्त्यावर आलं’ यात गाव म्हणजे माणसं. सरळ अर्थ अडतो, म्हणून त्याला लागून असलेला अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. सरळ अर्थ अडत नाही, तरी आणखी काही सुचतं, तेव्हा व्यंजना.

मर्ढेकरांच्या 1947च्या ‘काही कविता’ संग्रहातले ओल्या पिपात मेलेले उंदीर वाचताना उपमेय, उपमान, दोघांतला समान गुण आणि खुणेचा शब्द असा चार अंगांचा तक्ता कामाला येत नाही, कारण उपमेय कुठे सांगितलेलंच नाही. मम्मटाकडे यालाही नाव आहे: उपमानाने उपमेय गिळून टाकलं की ती अतिशयोक्ती. शाळेत मात्र अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं, एवढंच उरलं आहे.