भिंतीचा रंग ठरवला कोणी?

घराला रंग काढायचा म्हटलं की आज पहिलं भांडण शेडकार्डावरून होतं. हजारावर छटा, प्रत्येकीला नाव आणि नंबर, आणि घरात चार माणसांची पाच मतं. या भांडणाचं वय मात्र फार नाही. १९९० च्या आसपासपर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत रंग निवडला असा जात नसे. जो मिळायचा, भिंतीवर टिकायचा आणि खिशाला झेपायचा, तो लागायचा. इंटिरियरवाले आज रंगसंगतीचे जे नियम सांगतात, तेही मुळात घरासाठी तयार झालेले नाहीत. ते विणकामाच्या कारखान्यात, चित्रकलेच्या वर्गात आणि ऑपरेशन थिएटरात जन्मले. आपल्या भिंतींची वाट वेगळी आहे आणि ती चुन्यापासून निघते.

चुनकळी पाण्यात टाकली की ती फुटते, खदखदते. दोन-तीन दिवस मुरवून गाळली की भिंतीला मारायचा चुना तयार. अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालायचे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना पुन्हा चुनखडीत बदलतो, म्हणून तो भिंतीला धरून राहतो. पण ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि रंगांची निवड बरीचशी तिथेच संपते. झाडापानांचे रंग त्यात जगत नाहीत. हळद घालावी तर ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते याच करामतीने. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळाही चुन्यापुढे टिकत नाही. टिकतात ते माती-दगडाचे रंग: काव, गेरू, पिवडी, शिवाय काजळी. हिरवट झाक हवी तर मोरचूद, निळसर हवी तर नीळ. जुन्या घरांच्या रंगांतला जो मेळ आज आपल्याला सौंदर्यदृष्टी वाटतो, त्यात दृष्टी किती आणि रसायन किती याचा हिशेब मांडला तर माझ्या मते रसायनाचं पारडं जड निघेल.

अर्थात मर्यादेतून काय उभं राहू शकतं हे पाहायचं तर सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या देवळांमधली कावी कला पाहावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, तरी भिंत भरून जाते. ठाणे-पालघरकडच्या वारली घरांत गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, तिथेही जोडी तीच. देशावरच्या साध्या शेतकरी घरात वर चुना, खाली हात-दीड हात गेरूचा पट्टा आणि शेणाने सारवलेली जमीन. तो पट्टा शोभेपेक्षा कामाचा होता. जमिनीलगतच्या भिंतीवर पाणी उडतं, पाय लागतात, शेण-माती उडते. तांबड्यावर ते दिसत नाही.

निळीपाशी मात्र जरा थांबायला हवं. खरा अल्ट्रामरीन निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून निघायचा आणि त्याची किंमत युरोपातल्या चित्रकारांना घाम फोडायची. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्याला सहा हजार फ्रँकांचं बक्षीस जाहीर झालं आणि १८२८ मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमे या रसायनतज्ज्ञाला मिळालं. मग हा निळा इतका स्वस्त झाला की धोतरांना द्यायच्या निळीच्या पुडीतून तो घरोघर पोचला. अल्कलीला तो दाद देत नाही, त्यामुळे चुन्यातही चालला. चुना जुना होताना पिवळट दिसतो. त्यात चिमूटभर नीळ पडली की पिवळेपणा मरतो आणि डोळ्याला तो पांढराशुभ्र वाटतो. किती टाकायची हे रंगाऱ्याला हातानेच कळायचं. जास्त पडली तर खोली आकाशी व्हायची, आणि पुढे अनेकांना ती आकाशीच आवडू लागली.

रंगाऱ्याच्या हाताला जे कळत होतं, त्याचं शास्त्र त्याच काळात पॅरिसमध्ये लिहिलं जात होतं. गोबलँच्या कारखान्यात भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं तयार होत. १८२४ मध्ये मिशेल शेव्हरल हे रसायनतज्ज्ञ तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा धागा फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरलनी धागा तपासला तर रंगात खोट नव्हती. काळ्याशेजारी निळे-जांभळे धागे असले की काळा मरगळलेला दिसत होता, दोष शेजाराचा होता. त्यातून १८३९ चा त्यांचा ग्रंथ आला: रंगचक्रावर समोरासमोर येणारे रंग शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात, आणि कुठलाही रंग एकटा दिसतच नाही. आज कुणी डिझायनर मोहरीच्या सोफ्यामागे निळी भिंत सुचवतो तेव्हा त्याच्या मागे शेव्हरल उभे असतात. हे गृहस्थ १०२ वर्षं जगले.

महाराष्ट्रात ही जाण नव्हती असं नाही, फक्त ती भिंतीवर नव्हती. ती लुगड्यात होती. हिरव्या अंगाला तांबडे काठ, काळ्या चंद्रकळेला लाल काठ. अंग मोठं आणि शांत, काठ ठसठशीत, पदर सगळ्यात बोलका. सजावटीच्या पुस्तकांतलं '६०-३०-१०' म्हणजे मुख्य रंग साठ टक्के, जोडरंग तीस आणि चमकदार रंग दहा. पैठणी नेसणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला लागलं नसतं. पण नेसायला पन्नास रंग मिळत होते आणि भिंतीला चार.

शहरात रंग डब्यातून आला, आणि आला तो आधी घरासाठी नव्हे. हावड्याला १९०२ मध्ये शालिमारचा कारखाना निघाला, मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स, म्हणजे पुढची नेरोलॅक. जहाजं, पूल, रेल्वे, यंत्रं हे तेलरंगाचं मोठं गिऱ्हाईक. लोखंडाला गंज लागू नये हा हेतू. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगाची आयात अडली आणि १९४२ मध्ये गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात ब्रश धरलेला खट्याळ गट्टू काढला. रंग ही घरातल्या माणसाने बोलावी अशी गोष्ट आहे, हे मला वाटतं त्या पोराने जितकं पटवलं तितकं कुठल्या डिझायनरने नाही.

सधन मुंबईत त्याआधीच वेगळं वारं होतं. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवती त्या काळच्या नव्या, आर्ट डेको शैलीतल्या इमारती उठत होत्या. १९२२ मध्ये स्थापन झालेली भारत टाइल्स विलायती फरशांच्या तोडीच्या सिमेंटच्या रंगीत फरशा बनवत होती. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. स्वयंपाकघर, दिवाणखाना, न्हाणीघर असे अख्खे विभाग त्यात मांडून दाखवले होते. घर 'एकत्र' ठरवायचं असतं, भिंत-फरशी-फर्निचर यांचा एकमेकांशी संबंध असतो, ही कल्पना मध्यमवर्गासमोर इतक्या ठळकपणे आली ती तेव्हा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीपर्यंत ती पोचायला अजून पन्नास वर्षं जायची होती.

तिथे राज्य डिस्टेंपर या पाण्यात कालवायच्या स्वस्त रंगाचं. आधी ती कोरडी पूड असे, कोमट पाण्यात कालवायची. ती अंगाला लागायची आणि ओल्या फडक्याने पुसली तर निघून यायची. मग आलं तेल मिसळलेलं ऑइल बाउंड डिस्टेंपर, रंगाऱ्यांच्या तोंडी 'ओबीडी'. ते थोडंफार पुसता येई. रंग ठरलेले: पिस्ता, आकाशी, फिका गुलाबी, क्रीम, लेमन. बाहेरून स्नोसेम हा सिमेंटचा रंग. आणि जिना, शाळा, दवाखाना, कचेरी अशा वर्दळीच्या जागी कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा, वर चुना. हिरवा, चॉकलेटी नाहीतर करडा. गावाकडचा गेरूचा पट्टाच शहरात येऊन उंच झाला, असं मला नेहमी वाटतं. काम तेच, डाग लपवणं. त्या काळी रंगछटेचा खरा कारागीर रंगारी होता. पांढऱ्या डिस्टेंपरच्या बादलीत तो स्टेनरच्या, म्हणजे दाट रंगाच्या, बाटलीतून थेंब टाकी, काठीने ढवळी, भिंतीवर एक फराटा मारी, वाळू देई आणि मग हात हलवून 'अजून दोन थेंब' म्हणे. वाळल्यावर रंग बदलतो हे त्याला पक्कं ठाऊक. पण दुसरी बादली पहिलीसारखी कधीच होत नसे. म्हणून पूर्ण खोलीचा रंग एकदाच कालवायचा, आणि कोपऱ्यात संपला तर फरक कपाटामागे ढकलायचा. घरात कपाट कुठे ठेवायचं हे कित्येकदा असंही ठरलं आहे!

हा सगळा हातखंडा १९९० च्या दशकात दुकानात आलेल्या टिंटिंग मशीनने मोडीत काढला. कंपनीकडून आता तयार छटा येत नाही, जिच्यात रंग मिसळायचा तो बेस येतो. मशीनमधल्या डझनभर रंगद्रव्यांतून कॉम्प्युटर ठरलेले मिलिलिटर सोडतो, डबा हलवणीत घुसळतो, आणि एकच नंबर दहा वेळा मागा, तोच मिळतो. यात एक खोच आहे जी दुकानदार सहसा सांगत नाही. फिक्या छटांच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, आणि झाकण्याची ताकद मुख्यतः त्याचीच. गडद लाल, नारिंगी, पिवळ्याच्या बेसमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. म्हणून दोन हातांत भिंत झाकत नाही, तिसरा मारावा लागतो आणि अंदाजपत्रक फुगतं.

नंबराने रंग ओळखायची कल्पना मशीनहून जुनी. बोस्टनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये प्रत्येक रंगाची तीन मापं सुचवली: तो कुठल्या जातीचा, किती उजळ आणि किती तीव्र. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन पांढऱ्या थिएटरच्या चकाकीला कंटाळले आणि त्यांनी रक्ताच्या लालसमोर उभा राहणारा पालकाचा हिरवा निवडला. १९३१ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी स्विस कंपनी सालुब्रासाठी ४३ रंगांचे वॉलपेपर काढले, सोबत कुठला रंग कुणाशेजारी शोभेल हे पाहायचे कापलेले पुठ्ठेही दिले. तयार रंगसंगती विकत देण्याचा तो ठळक प्रयत्न. पुढे चंडीगड उभारणारे तेच. या सगळ्यांतून लहान फ्लॅटच्या उपयोगाचं काय, तर मन्सेलचं दुसरं माप. खोली मोठी वाटते की कोंदट, हे रंग निळा की पिवळा यापेक्षा तो किती उजळ यावर जास्त ठरतं. तरी दुकानात वाद जातीवरच होतो.

६०-३०-१० ची गंमत अशी की आपल्याकडे साठ टक्क्यांतला मोठा वाटा आधीच कुणीतरी ठरवलेला असतो. शहाबादी फरशी असेल तर घर करड्यापासून सुरू होतं, कोट्याची असेल तर हिरवटापासून, साठ-सत्तरच्या दशकातलं मोझेक असेल तर ठिपक्यांपासून, बिल्डरने बसवलेली व्हिट्रिफाइड असेल तर क्रीमपासून. त्यावर 'ॲक्सेंट वॉल', म्हणजे उठून दिसणाऱ्या वेगळ्या रंगाची एक भिंत, चढवायची म्हणजे साडी आधी घेऊन ब्लाउजपीस शोधण्यासारखंच. वास्तुवाल्यांनी आग्नेयेला केशरी, ईशान्येला पांढरा किंवा निळा असं वाटप करून यात भर घातली आहे. निदान निर्णय पटकन होतो, हा त्याचा फायदा मान्य करावा लागेल.

ऑइलपेंटचे ते खणखणीत पिवळे, नारिंगी, हिरवे मात्र कमी झाले तर हळहळू नये. त्यांची चमक बऱ्याचदा शिशाच्या संयुगांची होती. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात २०१६ मध्ये नियम झाला, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली. जुन्या घराच्या खिडक्या-दारं घासायची असतील तर कोरडं घासू नये, पाणी मारून घासावं आणि लहान मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नये.

सध्या जो बदल चालू आहे तो डब्यातला नाही, दिव्यातला आहे. पिस्ता आणि आकाशी जमले ते पिवळ्या बल्बखाली. ट्यूबलाइट आली तेव्हा गुलाबी राखी दिसू लागला आणि क्रीमला भाव आला. २०१५ नंतर एलईडी स्वस्त झाले आणि एकाच घरात २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळट आणि ६५०० चा निळसर असे दोन उजेड शेजारी लागले. दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात पसंत केलेला बदामी घरी हिरवट निघतो तो यामुळे. त्यात इमारती इतक्या जवळ आल्या आहेत की समोरच्या विंगचा विटकरी रंग दुपारी आपल्या छतावर उतरतो. म्हणून आता जाणते रंगारी आधी छोटा डबा आणायला लावतात, लांबी (पुट्टी) आणि प्रायमर झाल्यावर खिडकीच्या भिंतीवर एक आणि तिच्या समोरच्या भिंतीवर एक असे दोन बाय दोन फुटांचे चौकोन मारतात, आणि रात्री दिवे लावून बघेपर्यंत पुढचा हात मारत नाहीत.